नाळेची वाहिनी सैल झाली, तर बाळाला काय मिळते? एक प्रकरण

गरोदरपणाच्या एकतिसाव्या आठवड्यात माझ्या एक रुग्ण तपासणीला आल्या, तेव्हा सोबत त्यांची धाकटी नणंद होती. औषधनिर्माणशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला शिकणारी. तिच्या हातात एका शोधनिबंधाची छापील प्रत होती, जागोजागी पिवळ्या रेघा मारलेली, आणि पिशवीत कॅप्सूलची बाटली.

"डॉक्टर, वहिनीच्या बाळाला रक्त कमी पोचतंय म्हणालात ना? मग हे बघा. द्राक्षाच्या बियांतल्या आणि ग्रीन टीतल्या अँटिऑक्सिडंटनी नाळेच्या रक्तवाहिन्या सैल होतात असं प्रयोगात दिसलंय. वहिनीला बारा दिवस झाले सुरू करून."

हे प्रकरण शिकवण्यासाठी लिहिले आहे. एकाहून अधिक गर्भवतींच्या अनुभवांतून ते जुळवले आहे, त्यामुळे त्यात कुणा एकीची ओळख नाही. पण त्या मुलीचा प्रश्न खरा आहे, वरचेवर येणारा आहे, आणि "असलं काही घेऊ नका" एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण करणे मला पटत नाही. ती निबंध वाचून आली होती. तिला निबंधाच्याच पातळीवर उत्तर मिळायला हवे होते.

आधी बाळाची स्थिती सांगते. आईचे वय २९, पहिले बाळंतपण. रक्तदाब १२८/८२, लघवीत प्रथिने नाहीत, हिमोग्लोबिन १०.१. सोनोग्राफीत बाळाचे अंदाजे वजन सहाव्या पर्सेंटाइलवर (त्याच आठवड्याच्या शंभरातली साधारण सहाच बाळे याहून हलकी), आणि पोटाचा घेर आधीच्या मापाच्या मानाने मागे पडलेला. गर्भजल पुरेसे. नाळेच्या धमनीच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीत, पल्सॅटिलिटी इंडेक्स (प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप) त्या आठवड्याच्या पंचाण्णवाव्या पर्सेंटाइलच्या वर. म्हणजे बाळाचे हृदय रक्त ढकलते तेव्हा ते पुढे जाते, पण दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात जेवढे वाहत राहायला हवे तेवढे वाहत नाही. तो मधला प्रवाह कमी होता, थांबलेला नव्हता. बाळाच्या मेंदूकडे जाणाऱ्या धमनीत सगळे ठीक होते. एकूण काळजीचे, पण हातात वेळ असलेले प्रकरण.

कॅप्सूलच्या बाटलीवर द्राक्षबीज अर्क आणि ग्रीन टी अर्क एवढेच होते. कोणता घटक किती, याचा पत्ता नाही. शिवाय "तेही अँटिऑक्सिडंटच" म्हणून त्या दिवसाला पाच-सहा कप कडक ग्रीन टी घेत होत्या.

नणंदेचा निबंध खोटा नव्हता, हे मी तिला आधी सांगितले. नाळ हा प्रयोगशाळेचा आवडता अवयव आहे, कारण माणसाची जिवंत रक्तवाहिनी कुणालाही इजा न करता मिळते ती इथेच. बाळंतपणानंतर एरवी ती टाकूनच दिली जाते. १९७३ मध्ये एरिक जॅफे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाळेच्या नीलेचा आतला पेशीथर कोलॅजिनेज या विकराने (एन्झाइमने) सोडवून काचेच्या बशीत वाढवला आणि त्या पेशी खरोखर रक्तवाहिनीच्या अस्तराच्याच आहेत हे दाखवून दिले. तेव्हापासून रक्तवाहिन्यांबद्दलचे आपले कितीतरी ज्ञान या टाकाऊ समजल्या गेलेल्या दोरीतून आले आहे.

ही दोरी साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांब असते. तिच्यात दोन धमन्या, एक नीला, आणि भोवती त्यांना जपणारा मऊ लगदा, व्हार्टनची जेली. इथे नावे उलटी वाटतात: शुद्ध रक्त वारेकडून बाळाकडे आणते ती नीला, आणि बाळाकडून वारेकडे वापरलेले रक्त नेतात त्या धमन्या. या वाहिन्यांना मज्जातंतूंचा पुरवठा जवळपास नसतोच. म्हणून त्यांचे आकसणे आणि सैलावणे रक्तातल्या आणि अस्तरातल्या रसायनांवर चालते. सेरोटोनिन, थ्रॉम्बॉक्सेन, एंडोथेलिन आवळतात. नायट्रिक ऑक्साइड आणि प्रोस्टासायक्लिन सोडतात.

प्रयोग असा होतो. वाहिनीची तीन-चार मिलिमीटरची कडी कापायची, दोन बारीक आकड्यांवर ताणून ३७ अंशांच्या क्षारद्रावात टांगायची. सेरोटोनिन घातले की कडी आवळते आणि पडद्यावरची रेघ वर चढते. मग द्राक्षातले रेझव्हेरॅट्रॉल किंवा अनेक फळाभाज्यांत असणारे क्वेर्सेटिन यांसारखे वनस्पतिजन्य पॉलिफेनॉल घातले की रेघ हळूहळू खाली येते. त्यामागची यंत्रणाही बऱ्यापैकी उलगडली आहे. रेझव्हेरॅट्रॉलने नाळेच्या अस्तरपेशींत नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराचे प्रमाण वाढते. स्नायूपेशींतल्या पोटॅशियमच्या वाटा उघडतात, त्यामुळे अस्तर नसतानाही काही प्रमाणात कडी सैल पडते. आणि सुपरऑक्साइड हा आक्रमक रेणू नायट्रिक ऑक्साइडला गाठून त्याचे पेरॉक्सिनायट्राइट करून टाकतो. सुपरऑक्साइड आवरला गेला की नायट्रिक ऑक्साइड जास्त वेळ काम करू शकतो. अँटिऑक्सिडंट हा शब्द शोभतो तो या शेवटच्या कामाला. बाकीची कामे हे रेणू साध्या औषधासारखी, थेट पेशीच्या यंत्रणेला हात घालून करतात. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण "अँटिऑक्सिडंट" म्हटले की लोकांच्या मनात काहीतरी नुसतेच स्वच्छ करणारे, निरुपद्रवी येते.

इथवर नणंद मान डोलवत होती. मग मी तिला निबंधाचे "पद्धती" हे पान उघडायला सांगितले. त्यावर एकही पिवळी रेघ नव्हती.

त्या पानावर लिहिले होते की द्रावातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडला. अशा प्रयोगांची ही जुनी, रुळलेली रीत आहे. पण अशा द्रावात ऑक्सिजनचा दाब ६०० मिलिमीटर पाऱ्याच्याही वर जातो. पोटात असताना नाळेच्या नीलेत, म्हणजे बाळाच्या सगळ्यात ताज्या रक्तात, हाच दाब साधारण ३० असतो आणि धमनीत त्याहून कमी. ऑक्सिजन वाढणे हा तर नाळेच्या धमनीला आवळण्याचा इशारा आहे. जन्मानंतर ती मिटते त्यामागे ताण आणि थंडी यांच्या जोडीला हेही एक कारण आहे. म्हणजे द्रावातली कडी पोटातल्या वाहिनीसारखी जगत नसते. ती जन्मानंतरच्या, मिटण्याच्या घाईत असलेल्या वाहिनीसारखी असते. आणि इतक्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिडेशनचा ताण आपणच निर्माण करून मग तो अँटिऑक्सिडंटने कमी केला, तर त्यातून पोटातल्या वाहिनीबद्दल किती सांगता येईल?

याहून मोठी गंमत वाटावी अशी, पण खरे तर सावध करणारी गोष्ट २००० साली पुढे आली. लाँग, क्लेमेंट आणि बॅरी हॅलिवेल यांनी दाखवले की ग्रीन टीतले कॅटेचिन आणि क्वेर्सेटिन नेहमीच्या पेशीसंवर्धन द्रावात मिसळले की ते स्वतःच ऑक्सिजनशी क्रिया करून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात. अँटिऑक्सिडंट म्हणून घातलेला पदार्थ बशीत ऑक्सिडंट बनवतो! आणि हायड्रोजन पेरॉक्साइड रक्तवाहिनीच्या स्नायूवर स्वतःचा परिणाम करतोच. तेव्हा रेघ खाली आली ती वनस्पतीतल्या रेणूमुळे की त्याने द्रावात तयार केलेल्या पेरॉक्साइडमुळे, हे ठरवायला कॅटालेज घालून पुन्हा प्रयोग करावा लागतो. कॅटालेज पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन करते; परिणाम नाहीसा झाला तर दोषी सापडला. या निबंधात ही शक्यता तपासलेली नव्हती.

आणखी एक बारकावा. वाहिनीचे अस्तर शाबूत आहे का, हे बघायला प्रयोगशाळेत ॲसिटिलकोलिन घालून बघतात. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीवर अस्तराचे महत्त्व दाखवले ते त्यानेच, आणि त्या वाटेवरच्या संशोधनाला १९९८ मध्ये नोबेल मिळाले. पण माणसाच्या नाळेची धमनी ॲसिटिलकोलिनला दाद देत नाही. म्हणून दुसऱ्या वाहिनीवरची कसोटी जशीच्या तशी उचलून नाळेवर लावली, तर शाबूत अस्तरही खराब ठरते. नाळ म्हणजे छोटी महाधमनी नव्हे. तिचे नियम तिचेच.

मात्रेचा मुद्दा थोडक्यात: द्रावात रेणू शुद्ध रूपात आणि दहा ते शंभर मायक्रोमोलर एवढा घालतात. तोंडाने घेतलेल्या क्वेर्सेटिनवर आतडे आणि यकृत आधीच ग्लुकुरोनाइड आणि सल्फेटचे शिक्के मारतात, आणि रक्तात जे फिरते ते हेच बदललेले रूप, तेही कितीतरी पट कमी. त्यातले वारेपलीकडे किती जाते हा पुढचा प्रश्न.

"म्हणजे कॅप्सूलचा उपयोगच होत नाही," नणंद म्हणाली. "मग अपायही नाही."

हे वाक्य मी फार ऐकले आहे, आणि या प्रकरणाचा गाभा मला त्याच्या उत्तरात दिसतो. पण त्याआधी एक गोष्ट उरली होती. समजा, सगळ्या अडचणी दूर झाल्या आणि नाळेची वाहिनी पोटात खरोखर सैल झाली. तर या बाळाला काय मिळाले असते?

बहुधा काहीच नाही. डॉपलरचा ठोका आम्ही नाळेत मोजतो, पण तिथे जो अडथळा दिसतो तो नाळेत नसतो. नाळेच्या धमन्या रुंद, मोकळ्या वाटा आहेत. खरा विरोध वारेच्या आत, झाडाच्या फांद्यांसारख्या पसरत जाणाऱ्या अंकुरांमधल्या अगदी बारीक धमन्यांत असतो. वार नीट रुजली नाही की त्या बारीक वाहिन्या कमी बनतात, बुजतात, नाहीशा होतात. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत वारेतल्या बारीक वाहिन्या सूक्ष्म गोळ्यांनी मुद्दाम बंद केल्या, तेव्हा नाळेतला डॉपलर असाच बिघडत गेला. शेतातले पाट बुजले की पाणी कालव्यात तुंबते. कालवा आणखी रुंद केल्याने पिकाला पाणी जात नाही. मी नणंदेला कागदावर हे चित्र काढून दिले. नाळ, वार, अंकुर. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली.

वहिनींनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडले. "मग ते पाट उघडायचं काही औषध नाही का?"

या टप्प्यावर नाही, असे मला सांगावे लागले. ते सोपे नसते. वारेची घडण पहिल्या काही महिन्यांत होते. ज्या स्त्रियांमध्ये गुंतागुंतीचा धोका जास्त दिसतो त्यांना अकराव्या ते चौदाव्या आठवड्यादरम्यान सुरू केलेल्या कमी मात्रेच्या ॲस्पिरिनने मुदतपूर्व प्रीएक्लॅम्प्शिया (गरोदरपणातला वाढत्या रक्तदाबाचा गंभीर आजार) कमी होतो, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसले. एकतिसाव्या आठवड्यात ती संधी गेलेली असते. वाहिन्या सैल करणारे सिल्डेनाफिल अशा खुरटलेल्या बाळांसाठी वापरून पाहिले होते. नेदरलँड्समधली ती चाचणी नवजात बाळांच्या फुप्फुसांतल्या गुंतागुंतीमुळे २०१८ मध्ये थांबवावी लागली. तर्क तिथेही सुंदर होता.

आता अपायाकडे. बाळाच्या शरीरात एक वाहिनी अशी आहे की जिला सैल, उघडे राहणे जन्मापर्यंत अत्यावश्यक असते: डक्टस आर्टिरिओसस. पोटात बाळाची फुप्फुसे काम करत नाहीत, म्हणून हृदयाच्या उजव्या बाजूने ढकललेले बहुतेक रक्त या वाटेने फुप्फुसांना वळसा घालून महाधमनीत जाते. ही वाट उघडी ठेवण्यात प्रोस्टाग्लँडिन ई२ चा मोठा वाटा असतो. वेदनाशामक आयब्युप्रोफेन, इंडोमेथासिन शेवटच्या महिन्यांत देत नाहीत ते याच कारणासाठी: त्यांनी सायक्लोऑक्सिजिनेज हे विकर अडते, प्रोस्टाग्लँडिन घटते आणि डक्टस आवळू लागतो. आणि अनेक पॉलिफेनॉल याच विकराला अडवतात. दाह कमी करतात म्हणून त्यांचे जे कौतुक होते, ते बऱ्याच अंशी याच गुणाचे.

म्हणजे द्रावात टांगलेली नाळेची कडी ज्या पदार्थाने सैल पडते, तोच पदार्थ हातभर अंतरावर, बाळाच्या हृदयाशी असलेली दुसरी वाहिनी आवळू शकतो. एका वाहिनीवरचा परिणाम पाहून "रक्तवाहिन्यांना चांगले" म्हणण्यातला धोका मला याहून स्पष्ट कुठे दिसलेला नाही.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे येथील पाउलो झिलिन्स्की आणि त्यांच्या गटाने हा प्रश्न लावून धरला. २०१० पासूनच्या त्यांच्या अभ्यासांत, तिसऱ्या तिमाहीत पॉलिफेनॉलयुक्त पदार्थ भरपूर घेणाऱ्या मातांच्या बाळांत डक्टसमधला रक्ताचा वेग जास्त आढळला; वाट अरुंद झाली की तिच्यातला वेग वाढतो. पुढे, वेदनाशामक न घेताही डक्टस आवळलेल्या बाळांच्या मातांनी असे पदार्थ कमी केल्यावर बहुतेकांत तो पुन्हा मोकळा झाला. हे अभ्यास खुले होते, कोणी काय घेते हे सगळ्यांना माहीत होते, त्यामुळे त्यांना शेवटचा शब्द मी मानत नाही. पण नणंदेच्या निबंधातल्या कडीपेक्षा हे पुरावे आमच्या रुग्णाच्या कितीतरी जवळचे आहेत. हे जिवंत बाळ आहे, पोटातले आहे.

म्हणून त्याच दिवशी बाळाच्या हृदयाची इको करून घेतली. डक्टसमध्ये आकुंचनाच्या वेळचा वेग सेकंदाला १.५ मीटर. १.४ च्या वर गेला की आम्ही सावध होतो. विसाव्याच्या वेळचा वेग ०.३ च्या उंबरठ्यावर. उजवी बाजू फुगलेली नव्हती, झडपेतून गळती नव्हती. सीमारेषेवरचे निदान.

कॅप्सूल लगेच बंद केल्या. ग्रीन टी बंद केला. चहातले पॉलिफेनॉल लोहाच्या शोषणात आडवे येतात आणि हिमोग्लोबिन १०.१ होते, म्हणून हा सल्ला एरवीही द्यावाच लागला असता. त्या घाबरून विचारू लागल्या की आता फळे, भाज्याही सोडू का. नाही, मुळीच नाही. ताटातले अन्न आणि दाट केलेला अर्क यांत फार अंतर आहे. माझा आक्षेप अर्काला आणि दिवसभर चाललेल्या कडक पेयाला होता. नुकसानीच्या भीतीने आई अर्धपोटी राहिली तर खुरटलेल्या बाळाचे आणखीच वाईट.

नणंदेला मात्र एवढ्याने समाधान नव्हते. "पण ऑक्सिडेशनचा ताण तर वारेत असतोच ना? तो कमी केला तर?" प्रश्न रास्त. ताण असतोच. यावर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत, अर्कांच्या नव्हे, तर क आणि ई जीवनसत्त्वांच्या. १९९९ मधल्या छोट्या चाचणीने आशा दाखवली. २००६ मध्ये सुमारे २,४०० स्त्रियांवर रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई देऊन पाहिले. प्रीएक्लॅम्प्शिया कमी झाला नाही, उलट कमी वजनाची बाळे जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात थोडी जास्त निघाली, २८ टक्के विरुद्ध २४. २०१० मध्ये सुमारे दहा हजार स्त्रियांच्या चाचणीतही फायदा नाही. रेझव्हेरॅट्रॉलचे म्हणाल तर गरोदर जपानी माकडिणींना ते दिल्यावर गर्भाशयाचा रक्तप्रवाह सुधारला, आणि त्याच वेळी पोटातल्या पिल्लांचे स्वादुपिंड ४२ टक्क्यांनी मोठे झाले. २०१४ चा तो अभ्यास मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला देते. आईकडे पाहिले तर यश, बाळाकडे पाहिले तर धास्ती.

पुढचे आठवडे थोडक्यात. दर आठवड्याला डॉपलर, बाळाच्या हालचालींची नोंद, दोन-दोन आठवड्यांनी वाढीचे माप. दोन आठवड्यांनी डक्टसमधला वेग १.२ वर आला. एका बाळावरून कारण सिद्ध होत नाही, आणि पहिलेच माप थोडे चढे आले असण्याची शक्यताही मी नोंदवून ठेवली. तरी गरोदरपण पुढे जाते तसा हा वेग एरवी वाढतो. इथे तो उतरला. नाळेच्या धमनीचा इंडेक्स मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत जिथे होता तिथेच राहिला. कॅप्सूल चालू असताना तसाच, बंद केल्यावर तसाच.

सदतिसाव्या आठवड्यात कळा सुरू करून प्रसूती केली. मुलगी, २१५० ग्रॅम, जन्मतःच रडली. दूध ओढायला तिला दोन दिवस लागले.

नणंदेने वार बघायची इच्छा धरली होती आणि वहिनींनी होकार दिला. ट्रेमध्ये वार छोटी होती, ३४० ग्रॅम. मी आधी तिला नाळेचे कापलेले टोक दाखवले. दोन्ही धमन्या इतक्या घट्ट मिटल्या होत्या की जागी दोन पांढरे ठिपके तेवढे दिसत होते. नीला अजून सैल, उघडी. "निबंधातल्या कड्या या इथल्या," ती म्हणाली. मग वार उलटी केली. गर्भाशयाला चिकटलेल्या बाजूला तीन ठिकाणी फिकट, टणक चट्टे होते. हातमोजा घातलेले बोट तिने एका चट्ट्यावर ठेवले, दाबून पाहिले, मग शेजारच्या मऊ, लालसर भागावर ठेवले.

"अडथळा इथे असेल तर प्रयोग इथल्या वाहिन्यांवर करायला हवा. कमी ऑक्सिजनमध्ये. आणि रक्तात बनतं त्याच रूपातला रेणू घेऊन. असं करता येतं का?"

येते. वारेचा एकच खंड निवडून त्याच्या बाळाकडच्या आणि आईकडच्या, दोन्ही बाजूंनी वेगवेगळा द्राव खेळवायची पद्धत १९७२ पासून वापरात आहे. त्यात बारीक वाहिन्यांचा विरोध थेट दाबावर मोजता येतो, ऑक्सिजन हवा तेवढा ठेवता येतो आणि आईच्या बाजूला घातलेले बाळाच्या बाजूला किती पोचले हेही कळते. मी तिला नाव सांगितले. तिने हातमोजे काढले आणि त्या निबंधाच्या मागच्या कोऱ्या पानावर ते लिहून घेतले.